वर्ग एक, पदवी एक, मग पगारात एवढा फरक का?

वाचकाचं पत्र

ताई, मी मूळची सोलापूरची. सध्या पुण्यात हिंजवडीला एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. नोकरीला चार वर्षं झाली. आई विड्या वळते. वडील यंत्रमागावर होते, आता दम्यामुळे घरीच असतात. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी माध्यमाची आणि कॉलेज इंग्रजीतून. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच.

माझी रूममेट माझ्याच वर्गातली, आता माझ्याच कंपनीत आहे. मार्क माझ्यापेक्षा थोडे कमीच होते. तिचे वडील बँकेत अधिकारी आहेत. गेल्या महिन्यात बोलता बोलता तिनं पगार सांगितला. तिचं पॅकेज ७ लाख ८० हजार, माझं ४ लाख ६० हजार. त्या रात्री मला झोप लागली नाही. कॅम्पसमधून आमच्यापैकी कुणाचंच काही झालं नव्हतं. मी परीक्षेनंतर लगेच मिळाली ती नोकरी धरली, २ लाख ४० हजारांवर. दोन वर्षांचा बाँड होता, मूळ मार्कशीटही त्यांनी ठेवून घेतल्या होत्या. ती सात महिने थांबली, पुण्यात क्लास केला, एक ऑफर नाकारली आणि साडेचार लाखांवर लागली.

हे घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "तीही तेवढीच शिकली ना? मग तुझं कुठे चुकलं?" मला उत्तर देता आलं नाही. हातात ३४ हजार येतात, त्यातले १५ हजार मी घरी पाठवते. शनिवार-रविवारचा एमबीए करावा असं मनात आहे, फी ४ लाख, कर्ज काढावं लागेल. भाऊ बारावी सायन्सला आहे, त्यालाही इंजिनिअरिंग करायचंय. त्याला या वाटेनं पाठवू की नको?

उत्तर

तुझ्या वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रभर तोच तुला टोचतोय. तुझं कुठेही चुकलं नाही. हे मी तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही. मी बरीच वर्षं आयटी कंपन्यांच्या एचआरमध्ये काढली आहेत, पगार कसे ठरतात ते टेबलाच्या त्या बाजूने पाहिलं आहे. तुम्हा दोघींच्या आकड्यांत जे घडलं ते मी अनेक मुलामुलींच्या बाबतीत घडताना पाहिलंय.

शिक्षणानं पगार वाढतो, हे खरंच आहे. जेकब मिन्सर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७४ मध्ये शिक्षणाची वर्षं आणि कमाई यांचं नातं एका समीकरणात मांडलं. पुढे ते देशोदेशी ताडून पाहिलं गेलं. शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की कमाई सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढते, असं जगभरचे अभ्यास सांगतात. तुझ्या घरापुरतं पाहायचं तर आईच्या मजुरीशेजारी तुझा पगार ठेव. आईला हजार विड्यांमागे पैसे मिळतात, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे जातात, आणि पानं, तंबाखू आलं नाही तर त्या दिवशी कामच नसतं. तुला दर महिन्याला ठरलेला पगार येतो, पीएफ कापला जातो, सुट्टीचेही पैसे मिळतात. हे तुझ्या पदवीनं दिलं आहे. वडिलांना हे नक्की सांग.

पण ती सरासरी आहे. एकच पदवी घेतलेल्या दोन माणसांना ती सारखं देत नाही. ब्रिटनमध्ये सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन या समाजशास्त्रज्ञांनी वरच्या दर्जाच्या व्यवसायांतल्या लोकांचे पगार तपासले. कामगार घरातून आलेली माणसं त्याच व्यवसायांतल्या सुखवस्तू घरच्या माणसांपेक्षा सरासरी १६ टक्के कमी कमावत होती. शिक्षणातला फरक हिशेबात धरल्यावर हे अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. त्यांनी शोधलेल्या कारणांत एक अगदी साधं होतं, आईवडिलांचा पैसा. घरचा आधार असलेल्यांना महागड्या लंडनमध्ये राहून चांगल्या संधीची वाट पाहता येत होती. बाकीच्यांना मिळेल ते घ्यावं लागत होतं. लंडनच्या जागी पुणे ठेव, तुझ्या मैत्रिणीचे सात महिने दिसतील.

त्या सात महिन्यांचा हिशेब मांडून बघ. कॉट बेसिसवर खोली, मेस, क्लासची फी, प्रवास, मोबाइल. सगळं मिळून लाख-दीड लाख सहज जातात, आणि तेवढा काळ घरी एक रुपयाही पाठवायचा नाही. तिच्या वडिलांच्या पगारातून ते निघालं. तुझ्या घरी वडिलांचं काम सुटलेलं, आई एकटी कमावती. तुला सात महिनेच काय, सात आठवडेही बसता आलं नसतं. आपल्याकडे पदवीधरांमधली बेरोजगारी न शिकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे. बेरोजगार म्हणून मोजलं जायला आधी कुणीतरी पोसणारं असावं लागतं.

आता पहिल्या पगाराचं पुढे काय होतं ते बघ. हा भाग नीट वाच, तुमच्या दोघींच्या पगारातल्या ३ लाख २० हजारांच्या फरकाचं उत्तर यातच आहे.

आपल्या आयटीत नोकरी बदलताना एचआरचा पहिला फोन येतो तेव्हा तीन प्रश्न ठरलेले असतात. करंट सीटीसी (म्हणजे सध्याचं वर्षाचं एकूण पॅकेज) किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पीरियड किती. पहिल्या आकड्यावर तीस-चाळीस टक्के चढवून ऑफर बनते. त्या जागेसाठी कंपनीचं बजेट ८ लाखांचं असलं तरी ४ लाखांवरच्या मुलीला ८ देताना एचआरचा हात आखडतो. "शंभर टक्के हाइक कशी द्यायची?" हे वाक्य मी मीटिंगांमध्ये किती वेळा ऐकलंय. ती मुलगी ते काम करू शकते की नाही, हा प्रश्न तोवर निकालात निघालेला असतो.

तू २ लाख ४० हजारांवर लागलीस. दोन वर्षांत २ लाख ८० झाले असतील. या कंपनीत येताना चाळीस टक्के वाढ मिळाली असं धरू, म्हणजे ३ लाख ९२. त्यावर दोन वर्षांची वाढ धरून आजचे ४ लाख ६०. तुझी मैत्रीण ४ लाख ५० वर लागली, ५ लाख २० पर्यंत गेली, इथे येताना तीसच टक्के वाढ मिळाली तरी ६ लाख ७६ वर पोहोचली, आणि आज ७ लाख ८०. टक्क्यांत बघितलं तर तुझी वाढ तिच्यापेक्षा मोठी आहे. तरीही सुरुवातीचं २ लाख १० हजारांचं अंतर आज ३ लाख २० हजार झालंय. टक्केवारी ज्या आकड्यावर बसते तो आकडाच लहान होता, आणि तो लहान का होता हे आपण वर पाहिलं.

म्हणजे चार वर्षांपूर्वी घरात साठवलेले लाख-दीड लाख नव्हते, आणि त्याची किंमत आज तू दरवर्षी ३ लाख २० हजार मोजते आहेस. कामातला, हुशारीतला फरक यात कुठेच नाही. वडिलांना सांगायचं उत्तर हेच. पण जपून सांग, कारण "तुमच्याकडे पैसे नव्हते म्हणून" असं ते त्यांना ऐकू येऊ शकतं. त्या माणसानं सूत-धुरळ्यात छाती खराब करून घेऊन तुला इंजिनिअर केलंय.

पैशापलीकडेही घरातून काही येतं. "पहिली ऑफर सोड, दुसरी येईल," असं मैत्रिणीला कुणीतरी सांगितलं असणार. वडील, काका, शेजारचा कुणी कंपनीतला. तुला हे सांगणारं कुणी नव्हतं. सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा तुझ्याही समाजात अशी साखळी होती. एकजण लागला की भावाला, मेव्हण्याला चिकटवून घ्यायचा. मागावरही तसंच. पण ती साखळी मागापर्यंतच न्यायची. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या अर्थतज्ज्ञांनी मुंबईत दादरच्या शाळांतल्या मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की कामगार जातींतले मुलगे मराठी माध्यमातच राहिले, कारण जातीच्या ओळखीनं त्यांना कामगाराची नोकरी मिळत आली होती. मुलींना त्या ओळखींचा कधीच उपयोग नव्हता, म्हणून नव्या अर्थव्यवस्थेत त्या इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि पुढे गेल्या. तुझ्या घरातही मागाची वाट मुलाची होती. तू ती सोडून बाहेर पडलीस.

इंटरव्ह्यूमध्ये वडील काय करतात असं विचारलं जातं, त्याबद्दलही सांगते. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआर प्रमुखांच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असं सांगणारे बहुतेकजण उमेदवाराला घरची पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत होते, आणि उत्तरावरून तो 'आपल्यात बसेल का' हे ठरवत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज फक्त नावं बदलून पाठवले होते. दलित आणि मुस्लीम नावांना कमी बोलावणी आली. मी स्वतः ज्या खोल्यांत बसले तिथेही हा प्रश्न "जरा मोकळं व्हायला" म्हणून विचारला जायचा. तो कधीच तेवढाच नसतो. तुला विचारलं तर लपवायची गरज नाही आणि विस्तारानं सांगायचीही नाही. "वडील यंत्रमागावर होते, आई विडी कामगार आहे, घरातली मी पहिली इंजिनिअर." एवढं म्हण आणि कामाच्या गोष्टीवर ये.

इंग्रजीबद्दल तू फक्त जाता जाता लिहिलंस, पण पगारात त्याचा वाटा मोठा आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी भारतातल्या आकडेवारीवरून २०१३ मध्ये दाखवलं की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई न बोलणाऱ्यांपेक्षा ३४ टक्के जास्त होती, आणि थोडंफार बोलणाऱ्यांची १३ टक्के. त्यांनी हेही दाखवलं की फक्त इंग्रजी असून भागत नाही, सोबत शिक्षण असेल तर जास्त फायदा होतो. तुझ्याकडे शिक्षण आहे, इंग्रजीही आहे. लिहिता येतं आणि मीटिंगमध्ये बोलताना अडखळतं, असंच असणार. तिसऱ्या भाषेत काम करणाऱ्या बहुतेकांचं तसंच असतं. त्यासाठी क्लास नको. रोजच्या स्टँडअप कॉलमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये, बोलायचं टाळू नकोस आणि क्लायंटसमोरचा डेमो मागून घे.

आता एमबीएचं. घेऊ नकोस, निदान आत्ता नाही. तुझी तूट शिक्षणातली नाही, मग ती आणखी एका पदवीनं कशी भरेल? ४ लाखांचं कर्ज म्हणजे महिन्याला आठ-नऊ हजारांचा हप्ता. तो सुरू झाला की नोकरी सोडणं, थांबणं, नाही म्हणणं पुन्हा अवघड होईल, आणि ज्या अडचणीमुळे पहिली नोकरी पडेल त्या भावात घ्यावी लागली तीच अडचण तू पाच वर्षांसाठी विकत घेशील. शनिवार-रविवारच्या एमबीएला एचआरमध्ये काय भाव असतो तेही मी बघितलंय. सीव्हीवर एक ओळ वाढते, पगाराच्या कोष्टकात काही हलत नाही. कॅट देऊन नामांकित संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर पुन्हा लिही, ती गोष्ट वेगळी.

त्याऐवजी तीच ताकद थांबण्यासाठीचे पैसे जमवायला लाव. वेगळं खातं उघड आणि त्यात निदान चार महिन्यांचा खर्च साठव, घरी पाठवायचे १५ हजारही त्यात धरून. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. महिन्याला पाच-सहा हजारांनी याला दोन वर्षं लागतील, म्हणून काही महिने घरी १५ ऐवजी १० पाठवावे लागतील. हे लिहिताना मला अवघड जातंय. तुझ्या घरी पाच हजार म्हणजे वडिलांची औषधं असू शकतात. औषधांना हात लावू नकोस, दुसरीकडे काही कमी करता येतं का ते आईसोबत बसून बघ. आईला खरं कारण सांग. मुलीचा पगार दुप्पट होण्यासाठी आज थोडं कमी येणार आहे, हे विडी वळणारी बाई चटकन समजते. घरखर्चाची ओढाताण ती रोजच करते.

पैसे साठेपर्यंत बाजारभाव शोध. चार वर्षं अनुभवाच्या टेस्टरला, ऑटोमेशन (सॉफ्टवेअरची तपासणी प्रोग्रामकडूनच करून घेणं) येत असेल तर आणि नसेल तर, पुण्यात काय मिळतं? ॲम्बिशनबॉक्स या पगारांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर अंदाज येईल, पण खरा आकडा माणसंच सांगतात. कॉलेजच्या सीनिअर्सना, जुन्या टीममधल्यांना मेसेज कर. फार जवळचे नसलेलेही चालतील, उलट तेच जास्त कामाला येतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना माहीत असतं तेवढं आपल्यालाही माहीत असतंच. आणि ऑटोमेशन येत नसेल तर वर्ष ते शिकण्यात घाल. सेलेनियमसारखं ऑटोमेशनचं साधन शिकायला ४ लाख लागत नाहीत.

मग फोन येईल तेव्हा आकडा आधी तू सांगू नकोस. "या पोझिशनचं बजेट काय आहे?" असं विचार. करंट सीटीसीवर अडून बसले तर खरा आकडा सांग, कारण सॅलरी स्लिप मागतात आणि खोटं पकडलं जातं. पण त्याच दमात पुढचं वाक्य बोल: "माझा सध्याचा पगार बाजारापेक्षा कमी आहे, या कामाला पुण्यात साडेसात ते साडेआठ मिळतात, मी त्या रेंजमध्ये बघते आहे." आणि गप्प राहा. समोरचा गप्प राहिला तरी आकडा खाली आणू नकोस. ही शांतता भरून काढायची घाई गरजू घरच्या मुलांना फार असते, आणि एचआरवाल्यांना ते माहीत असतं. घरच्या जबाबदाऱ्या, भावाची फी, वडिलांचं आजारपण यांतलं काही सांगू नकोस. सहानुभूती मिळेल, पैसे मिळणार नाहीत. एक ऑफर नाकारावी लागली तरी चालेल, खात्यातले पैसे त्यासाठीच आहेत.

सध्याच्या कंपनीतही एकदा विचार. अप्रेझलची पत्रं निघाल्यावर नाही, दोन-तीन महिने आधी, मॅनेजर बजेट मांडत असतो तेव्हा. गेल्या वर्षी तू कोणते रिलीज सांभाळले, कोणते गंभीर बग क्लायंटकडे जाण्याआधी पकडले, ते एका पानावर लिहून ने आणि 'मार्केट करेक्शन', म्हणजे पगार बाजारभावाला आणणं, हाच शब्द वापर. मैत्रिणीचा पगार तोंडातून काढू नकोस. तिनं विश्वासानं सांगितलंय. तिच्याबद्दल मनात कडवटपणा येऊ देऊ नकोस. जी माहिती घरातल्या माणसांकडून मिळायला हवी होती ती तुला तिच्याकडून मिळाली. दुसऱ्या कंपनीत तुझं नाव सुचवणारं रेफरल तिच्याकडे माग, तिच्या वडिलांच्या ओळखीचं कुणी असेल तर विचार. यात लाचारी नाही.

आणि मूळ मार्कशीट यापुढे कुठल्याही कंपनीत जमा करायची नाही. पडताळणीला दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि परत घ्यायची.

आता भाऊ. त्याला जरूर पाठव, पण कॉलेज निवडताना घराजवळचं किंवा सहज मिळतंय म्हणून घेऊ नका. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट मांडली. सारख्याच हुशार मुलांपैकी कुणी नामांकित कॉलेजात गेलं, कुणी साध्या, तरी बहुतेकांच्या पुढच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजाचा फायदा झाला. श्रीमंत मुलाला ओळखी आणि माहिती घरात मिळते, गरीब मुलाला ती कॉलेजातच मिळते. तेव्हा एमएचटी-सीईटीत चांगले पर्सेंटाइल आले तर पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी ही नावं पर्यायांच्या यादीत वर असू देत, वसतिगृहात राहावं लागलं तरी. कॅम्पसला कोणत्या कंपन्या येतात, तेही जाऊन विचारून या.

फीचं सगळं ओझं तू उचलशील असं गृहीत धरू नकोस. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर फी सवलत आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. त्याच्या प्रवर्गाप्रमाणे कोणत्या लागू होतात ते बघा आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या गर्दीत तहसीलला रांगा लागतात. शिवाय आई विडी कामगार असल्यानं केंद्रीय श्रम मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती आहे, व्यावसायिक पदवीला वर्षाला २५ हजारांपर्यंत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो. उत्पन्नाची आणि आईच्या नोकरीच्या कालावधीची अट आहे, ती त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्या. त्यासाठी आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. ते घरी आहे का, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे पुढच्या वेळी सोलापूरला गेलीस की बघून ये. जुळत नसेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि अर्जाची मुदत तोवर थांबत नाही.